‘फाटक बंद’ आणि घरची मंडळी

बदलापूर (पूर्व)
१४ जून २०२२

चि. विष्णूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. अंबरनाथ ते बदलापूर एकच स्टेशन, पण पत्र जणू काशीला जाऊन आल्यासारखं दमून आलं. तरी लिहीत जा. फोनवर तू ‘बरं, ठेवतो’ यापलीकडे बोलत नाहीस आणि तेवढ्यात माझं समाधान होत नाही.

अनुया माझ्याकडे सुखरूप आहे. जेवते, हसते, आणि तुझा विषय निघाला की उठून गॅलरीत जाते. बँकेची नोकरी सोडली म्हणून तू तिला ‘गाणं तरी धर नाहीतर घर तरी’ असं म्हणालास, हे तिनं मला सांगितलं. तुझ्या पत्रात हे वाक्य नव्हतं. पोरीला आई नाही, म्हणून तुला आईचंही रागवावं लागतं, हे मला कळतं. पण मोठी बहीण म्हणून सांगते, हे वाक्य वाईट होतं.

तू म्हणालास, ‘ताई, तू जाऊन बघ आणि तिला भानावर आण.’ म्हणून मी परवा उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेले. तिथं प्रीतम नावाच्या मुलाच्या वडिलांचा जीन्स शिवायचा कारखाना आहे. खाली मशिनी, वर पत्र्याची खोली, आणि त्या खोलीत ही मंडळी प्रॅक्टिस करतात. प्रीतम गिटार वाजवतो. त्याचे वडील मला ‘अदी’ म्हणाले. सिंधीत अदी म्हणजे बहीण. आधी गार पाणी आणि भाजलेला पापड पुढे केला, मग हळूच विचारलं की तुम्ही मुलीला न्यायला आलात का. मी म्हटलं, आधी ऐकू तर द्या.

तिसरा जितेश. बदलापूरच्या पुढच्या गावातला, शेतीवाडीच्या घरातला. लग्नांत बेंजो पार्टीबरोबर ड्रम वाजवायचा. त्याला आजीनं वाढवलंय, गोजरबाई तिचं नाव. तोंडातून शब्द निघत नाही पोराच्या, सगळं हातांनी बोलतो.

हे तिघं भेटले ते रेल्वेच्या फाटकावर. गाडी काही येईना, फाटक काही उघडेना, तेव्हा जितेश टेम्पोत ठेवलेला ड्रम वाजवत बसला, रिक्षातून अनुया गुणगुणायला लागली आणि प्रीतम स्कूटर उभी करून बघत राहिला. म्हणून बँडचं नाव ‘फाटक बंद’. इंग्रजीत लिहिलं की लोक ‘फाटक बँड’ असं वाचतात. शेजारच्या वर्तकबाई मला विचारत होत्या की हे फाटक म्हणजे डोंबिवलीचे का.

आता मुद्द्याचं. पोरगी चांगली गाते विष्णू. किती चांगली ते मला सांगता यायचं नाही, मी शाळेत पी.टी. शिकवली, गाणं नव्हे. पण ती गायला लागली आणि खालच्या मशिनी एकेक करून थांबल्या. कारागीर जिन्यात येऊन बसले. प्रीतमचे वडीलही त्यांच्यातच बसले.

तेव्हा माझं म्हणणं असं, की तिला एक वर्ष दे. बाहेरगावी कार्यक्रम असला तर मी बरोबर जाईन. मी रिटायर आहे, गुडघे सोडले तर धडधाकट आहे, आणि पोरांना रांगेत उभं करायची मला सवय आहे. कळव.

रागापेक्षा मायेनं उत्तर लिहावं ही अपेक्षा.

तुझी
सुहासताई


शिवमंदिराजवळ, अंबरनाथ
२० जून २०२२

ती. सुहासताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुला भानावर आणायला पाठवलं होतं, तू स्वतःच पापड खाऊन आलीस.

मी कारखान्यात जन्मभर स्टोअर सांभाळलं. वस्तू आत आली की नोंद, बाहेर गेली की सही. माझ्या घरातून मुलगी बाहेर गेली आणि मला कोणी सही विचारली नाही. हे मला लागलंय. बाकी मला गाण्याचं वावडं नाही. तिच्या आईनं तिला पेटी शिकवायला मास्तर लावले, तेव्हा त्यांना चहा मीच करून देत असे.

वर्ष दिलं. अटी पुढीलप्रमाणे. बाहेरगावी तू बरोबर असलीच पाहिजेस. मुक्काम नीट ठिकाणी. वर्षानंतर तिनं नोकरी बघायची. आणि मला कार्यक्रमाला बोलवू नये, मी येणार नाही.

सकाळी देवळाच्या बाजूला फिरायला जातो तिथं नाडकर्णी भेटतात. मुलगी काय करते म्हणून विचारतात. मी ‘रजेवर आहे’ असं सांगतो. तूही तसंच सांग.

ती रात्री दूध घेते का? विचारतोय, कारण इथं रोज अर्धा लिटर उरतं.

गुडघ्यांना जप. वडीलकीचा हात पाठीवर राहू दे.

तुझा
विष्णू


पुणे
२३ जानेवारी २०२३

चि. विष्णूस,
अ. उ. आ.

मुक्काम नीट ठिकाणी आहे, खिडकीला जाळी आहे, गरम पाणी येतं. अट क्रमांक दोन पाळली.

मधल्या काळात तुला फारसं कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं नव्हतं. उल्हासनगरच्या एका संगीतात वाजवलं, तिथं नवऱ्या मुलाच्या मामानं सारखी सिनेमातली गाणी मागितली. अनुयानं आपलंच गाणं म्हटलं तर जनरेटर बंद करायला लावला. शहाडला एका सोसायटीच्या गणपतीत वाजवलं, तिथं पाऊस आणि आम्ही चौघंच उरलो. मला वाटलं होतं पोरं खचतील. परतताना भजीच्या गाडीवर तिघं इतकी हसत होती की गाडीवाल्यानं आणखी एक प्लेट फुकट दिली.

पण काल एका कॉलेजच्या महोत्सवात जे झालं ते सविस्तर सांगते. हजारो पोरं होती. आमच्या आधीच्या बँडला त्यांनी हुर्यो करून उतरवलं होतं. मग अनुयाची पाळी आली. स्टेजवर गेली आणि माईकच बंद. गोंधळ सुरू झाला, बाटल्या हवेत उडायला लागल्या. मला राहवेना. पर्समध्ये शाळेची शिट्टी होती, ती काढली, स्टेजच्या कडेला गेले आणि फुंकली. पी.टी.ची शिट्टी विष्णू! सगळं मैदान गप्प. सवय असते रे माणसाला, शाळा सुटली तरी सुटत नाही.

त्या शांततेत अनुया माईकशिवाय गायला लागली. त्यांचं ते फाटकाचं गाणं आहे:

उघड गं बाई फाटक उघड
पलीकडं माझं आभाळ मोकळं

जितेशनं नुसत्या बोटांनी ड्रमवर धरलं. मागून माईक चालू झाला, प्रीतमची गिटार आली, आणि ती पोरं जी काही ओरडायला लागली, मला वाटलं मंडप पडतो. कोणीतरी सगळं मोबाइलवर घेतलंय. माझी शिट्टी गाण्याचाच भाग आहे असं सगळ्यांना वाटलं. आता प्रीतम म्हणतो, आत्या, दर वेळी वाजवा.

अनुया नंतर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, बाबांना कळवशील का. स्वतःहून तुझं नाव काढलं. म्हणून कळवते आहे.

राग थोडा सैल कर, बाकी सगळं क्षेम.

तुझी
सुहासताई


अंबरनाथ
११ फेब्रुवारी २०२३

ती. सुहासताईस,
सा. न. वि. वि.

तुझी शिट्टी मी न्हाव्याच्या दुकानात पाहिली. अर्ध्या गालाला साबण होता. दुकानातल्या टीव्हीवर तो व्हिडिओ लागला आणि मला एक बांगडी घातलेला हात दिसला. हात तुझा आहे हे मी ओळखलं. न्हावी म्हणाला, काका, ही म्हातारी एक नंबर आहे. मी ‘माझी बहीण आहे’ असं म्हणालो, तर त्याचा विश्वास बसला नाही. पुढे अनुया दिसली. ती माझी मुलगी आहे हे मात्र मी सांगितलं नाही. का नाही ते विचारू नकोस.

नाडकर्ण्यांनी गाठलंच. त्यांचा नातू ब्राझीलच्या कोण्या पोराचा व्हिडिओ दाखवत होता, तो पोरगा आपल्या अनुयाचं गाणं ऐकून रडतोय. त्याला एक शब्द कळत नाही! नाडकर्णी म्हणाले, रजा बरीच लांबलेली दिसते.

एक नवीनच भानगड. परवा दारात एक नऊवारीतली बाई उभी. डोक्यावर टोपली. मी म्हटलं भाजी नको. ती म्हणाली, इकाया नाय आलंय, मी जितेशची आजी. त्याच गोजरबाई. नातवाचा मोबाइल नातवाबरोबर, त्यांना गाणं बघायचं होतं, कोणीतरी सांगितलं की मुलीच्या बापाकडे मोठा टीव्ही आहे. आता त्यांना कसं सांगू की मीसुद्धा घरी लावून बघितलेलं नाही. लावलं. दोघांनी पाहिलं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. जितेश दिसला की टीव्हीवरून हात फिरवतात, काच सगळी धुरकट झाली.

जाताना टोपलीतली तोंडली आणि वालाच्या शेंगा ओट्यावर ठेवून गेल्या. पुढच्या गुरुवारी येते म्हणाल्या. म्हणजे दर गुरुवारी येणार असं दिसतं. मी काय करायचं?

उत्तराची वाट बघणारा,
विष्णू

ता.क. अनुया बारीक झाली आहे. टीव्हीवर तरी तसं दिसतं.


हॅम्बुर्ग, जर्मनी
३० सप्टेंबर २०२३

चि. विष्णूस,
अ. उ. आ.

वर्ष केव्हाच उलटलं. तू मोजलं नाहीस असं धरून मी चालले आहे.

जर्मनीत आमचे कार्यक्रम ठरले ते तुला फोनवर कळलंच. इथं मला सगळे ‘आट्या’ म्हणतात. कार्यक्रमपत्रिकेवर ‘टूर मॅनेजर’ च्या पुढे माझं नाव छापलंय. हे लोक वेळेचे पक्के आहेत, माझं त्यांचं जमतं. जेवणाचं विचारू नकोस. ब्रेड इतका कडक की प्रीतम म्हणाला, आत्या, याला शिवायला आमच्या कारखान्यातली जाड सुई लागेल. जितेश रोज भाताची आठवण काढतो, म्हणजे एवढंच एक वाक्य बोलतो.

गाणं सगळीकडे पोचलंय. काल हॉलबाहेर थंडीत रांग लागली होती. बहुतेक गोरी मुलं, काही तुर्की, काही काळी. तिकीट न मिळालेल्यांसाठी दरवाजा उघडा ठेवायला लावला.

पण तुला लिहायला बसले ते याच्यासाठी नाही. हे फक्त तुझ्यामाझ्यात ठेव.

लंडनच्या एका मोठ्या कंपनीची बाई आली होती. गोड बोलणारी, हुशार. तिला अनुया हवी आहे. फक्त अनुया. मोठी रेकॉर्ड, अमेरिकेत, जपानात दौरे, जाहिरात, सगळं. पण बाकीचे वाजवणारे त्यांचे, एकाहून एक कसलेले. त्या बाईनं काही लपवलं नाही, सरळ सांगितलं की मुलं चांगली आहेत पण गावठी आहेत, तुझ्या आवाजाला पुरी पडणार नाहीत.

अनुयानं मुलांना अजून सांगितलेलं नाही. मला म्हणाली, आत्या, असं पुन्हा कोणी विचारणार नाही. तिचं खोटं नाही. तिघांचं मिळून काय होईल ते देव जाणे, एकटीचं सोनं होईल हे आत्ताच दिसतंय. काल जितेशनं तिची बॅग उचलून दुसऱ्या मजल्यावर नेली तर ती जिन्यातच उभी राहिली, वर येईना.

मला सल्ला देववत नाही. रांगेतून एखाद्या पोराला बाजूला काढायचं काम मी जन्मभर केलं, पण हे वेगळं आहे. तू बाप आहेस, तू सांग. प्रीतमचे लंडनचे काका कार्यक्रमाला आले आहेत, ते उद्या मुंबईला निघतात, त्यांच्या हाती हे पत्र देते.

लवकर लिही, मन थाऱ्यावर नाही.

सुहासताई


अंबरनाथ
७ ऑक्टोबर २०२३

ती. सुहासताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. बँड मोडावा हीच माझी पहिल्यापासून इच्छा होती. आता तो मोडतोय, मुलीचं भलं होतंय, आणि मी काल जेवलो नाही.

तुला कळवलं नव्हतं, ऑगस्टमध्ये मला चिकनगुनिया झाला होता. उठता येईना. अनुयाला कळू नये म्हणून तुलाही बोललो नाही. गुरुवारी गोजरबाई आल्या, मला बघितलं आणि घरी परत गेल्याच नाहीत. भावकीतल्या एका सुनेला शेतावर पाठवलं आणि इथं आठवडाभर पेज करून घातली. प्रीतमचे वडील कारखाना सोडून गाडी घेऊन येत, मला डॉक्टरकडे नेत. त्यांना मी अगोदर ओळखतसुद्धा नव्हतो. आता ते मला ‘अदा’ म्हणतात. भाऊ.

परवा गुरुवार होता. गोजरबाई समोर बसल्या होत्या. जितेशला फोनवर म्हणत होत्या, अनुताय सांगंल तसा कर, तिला सोरू नको. तुझं पत्र माझ्या खिशात होतं. त्या बाईच्या हातचा चहा मी तसाच ठेवून दिला.

म्हणून तुला काही सांगत नाही. सोबतचा लिफाफा तिला दे. आम्ही बोललो नाही त्याला सव्वा वर्ष झालं, आणि मला पहिलं वाक्य सुचायला सकाळ गेली. तू फोडू नकोस. प्रीतमच्या वडिलांनी कुरियरची व्यवस्था केली आहे. कशासाठी ते त्यांना सांगितलेलं नाही.

सगळ्यांना सांभाळ. सगळ्यांना म्हणजे तिघांना.

विष्णू


अंबरनाथ
७ ऑक्टोबर २०२३

चि. अनुयास,
अनेक आशीर्वाद.

सुहासताईनं मला सगळं लिहिलं आहे. तिच्यावर चिडू नकोस, तिला एकटीला पेलेना.

मी तुला काय करायचं ते सांगणार नाही. मागे सांगितलं होतं तेव्हा तू घर सोडून गेलीस, आणि ते वाक्य बोललो त्या दिवसापासून मला घरात करमत नाही. तू लंडनच्या लोकांबरोबर एकटी गेलीस तरी मी तुझा बाप आहे आणि बोलावलंस तर ऐकायला येईन. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुला धाक वाटणार नाही.

गाण्यातलं मला कळत नाही. पण आजारपणात प्रीतमच्या वडिलांनी मला कानाला लावायचे हेडफोन आणून दिले आणि मी तुझं फाटकाचं गाणं पडल्या पडल्या ऐकत असे. पहिल्यांदा बघताना गोजरबाई मध्ये बोलत होत्या, नीट ऐकलं ते तेव्हाच. पुण्याचं ऐकलं, गोव्याचं ऐकलं, दिल्लीचं ऐकलं. आणि माझ्या एक गोष्ट लक्षात आली.

‘पलीकडं’ म्हणायच्या आधी तू श्वास घेतेस. लहानपणापासून तुझा श्वास असाच आहे, कधी लहान, कधी लांब, पेटीच्या मास्तरांची त्यावरून बोलणी खायचीस. प्रत्येक ठिकाणी तो वेगळा आहे. दिल्लीला तर तू इतकी थांबलीस की मला वाटलं विसरलीस. आणि प्रत्येक ठिकाणी जितेश तुझ्यासाठी थांबतो. तू किती वेळ घेणार हे त्याला आधी ठाऊक असतं की काय कोण जाणे. तुझा श्वास संपतो आणि त्याचा ठोका पडतो. अलीकडे नाही, पलीकडे नाही.

लंडनचे लोक कसलेले असतील. ते बरोबर वाजवतील. थांबतील का, हे मला माहीत नाही. हे मला फक्त विचारावंसं वाटलं.

दूध घेत जा.

तुझा
बाबा


लंडन
२ नोव्हेंबर २०२३

ती. बाबांस,
सा. न.

बाबा, मराठीत पत्र लिहायची सवय नाही, चुका असतील, समजून घ्या.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी हो म्हणून बसले होते. म्हणजे सही नाही, पण तोंडानं हो. जर्मनीतला शेवटचा शो झाल्यावर मी दोघांना सांगितलं. प्रीतम उठून बाहेर गेला. जितेश म्हणाला, ताई, तू जा, आमचं काय, लग्नं आहेतच वाजवायला. आणि माझ्यासाठी टॅक्सी शोधायला गेला. त्यानं रडारड केली असती तर मला सोपं गेलं असतं.

ते दोघं घरी परतले, मी आत्याला घेऊन लंडनला आले. स्टुडिओ बघून मी चाटच पडले. वाजवणारे एवढे भारी की मी चुकले तरी ते चुकत नव्हते. आम्ही फाटकच रेकॉर्ड करायला घेतलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गायले. सगळं परफेक्ट, आणि सगळं मेलेलं. त्या बाई म्हणत होत्या, यू आर रशिंग. मला कळेना की मी घाई का करतेय. मी गाण्यात सारखी धापा टाकत होते. मला वाटलं माझा आवाजच गेला. घाबरले मी बाबा.

हॉटेलवर आत्यानं तुमचा लिफाफा दिला, जर्मनीत आमच्या मागे फिरून आत्ता पोचलेला. वाचला आणि जमिनीवर बसले. मी धावत होते, कारण कोणी थांबत नव्हतं. एवढंच होतं. आयुष्यभर गाणाऱ्या माणसांना जे दिसलं नाही ते तुम्ही खाटेवर पडून ऐकलंत. तुम्ही आजारी होतात आणि मला कोणी सांगितलं नाही, त्याबद्दल तुमच्याशी मी भांडणार आहे, पण घरी येऊन.

काल जाऊन मी त्या बाईंना नाही म्हटलं. त्या चिडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की ही चूक तुला आयुष्यभर आठवेल. असेलही. खाली उतरून रस्त्यावर आले. जितेशला फोन केला, त्यानं फोन बाजूला ठेवला आणि टेबलावर वाजवून दाखवलं. मी फुटपाथवर उभी राहून गायले. आत्या बाजूला उभी राहून लोकांना वाट करून देत होती.

आता आपल्याकडे काही नाही. कंपनी नाही, रेकॉर्ड नाही. पुढच्या आठवड्यात घरी येतोय. तुमच्या घरी, चालेल ना?

तुमचा हात डोक्यावर असावा.

अनुया


अंबरनाथ
१९ जुलै २०२४

ती. सुहासताईस,
सा. न. वि. वि.

तू गुडघ्याच्या ऑपरेशनला पुण्याला भाचीकडे जाऊन पडलीस आणि इथं माझ्या एकट्याच्या डोक्यावर सगळी जत्रा आली आहे, म्हणून हे लिहितो.

हिवाळाभर पोरांनी कॅम्प चारच्या पत्र्याच्या खोलीत रेकॉर्ड केलं ते तुला माहीत आहे. खालच्या मशिनींचा आवाज येतो म्हणून आधी बंद ठेवायचे, मग प्रीतमलाच वाटलं की चालू ठेवू. एका गाण्यात शिलाई मशीन आणि जितेश यांची जुगलबंदी आहे. मला ते आवडतं. फेब्रुवारीत त्यांनी स्वतःच सगळं इंटरनेटवर टाकलं आणि दोन महिने काहीच झालं नाही. अनुया जेवताना ताटात बघत बसायची. मी नोकरीचं नाव काढलं नाही. एकदा जिभेवर आलं होतं, पाणी प्यालो.

मग कोरियात कोणीतरी त्या मशीनच्या गाण्यावर नाच बसवला. मग मेक्सिकोत. मग कुठे कुठे. परवा टीव्हीवाले घरी आले. मी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि त्यांनी विचारलं आपण कोण. मी अनुयाचा बाप आहे असं स्पष्ट सांगितलं. गोजरबाई शेजारी बसल्या होत्या, त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं की वाजवतो तो माजा नातू, बाकीची त्याच्या मागून जातात.

नाडकर्णी आता सकाळी माझी वाट बघत उभे असतात. मी मुद्दाम उशिरा जातो.

पुढच्या वर्षी मोठा दौरा ठरतोय, अगदी मेक्सिकोपर्यंत. डॉक्टर तुला प्रवास करू देतील असं वाटत नाही. त्यांना घेऊन जायला कोणी तरी घरचं हवं. कोण जाईल ते बघू.

गुडघ्याला शेक दे, आणि तिथल्या नर्सना रांगेत उभं करू नकोस.

तुझा
विष्णू


पुणे
२५ जुलै २०२४

चि. विष्णूस,
अ. उ. आ.

‘कोण जाईल ते बघू’ म्हणे! पासपोर्टचा फोटो काढलास हे अनुयानं मला कधीच सांगितलंय. टाय लावलेला.

जा बाबा. आता तुझी पाळी. सूचना देते त्या पाळ. प्रीतम विमानात बसायच्या आधी हमखास काहीतरी विसरतो, विचार. जितेशला भूक लागली तरी बोलत नाही, तोंड बघून ओळख. अनुयाला कार्यक्रमाआधी तासभर एकटीला सोड, आणि त्या वेळात तूच जाऊन दुधाचं विचारू नकोस.

तुमच्या सगळ्यांच्या येण्याची वाट बघत इथं पाय लांब करून बसले आहे.

सुहासताई


मेक्सिको सिटी
१६ नोव्हेंबर २०२५

ती. सुहासताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही चौघेही खुशाल आहोत. विमानतळावर थोडा घोळ झाला. गोजरबाईंनी जितेशसाठी सुकट दिली होती, ती माझ्या बॅगेत होती, आणि कस्टमच्या बाईनं पिशवी उघडली. ताई, मी जन्मात कधी सुकटीला हात लावलेला नाही आणि तिथं भर विमानतळावर सगळ्यांसमोर ती माझी म्हणून कबूल करावी लागली. जप्त झाली. जितेशच्या तोंडावरून वाटलं जणू ड्रमच नेला.

कालचा कार्यक्रम मैदानात होता. दुपारीच लोक आले होते. अनुयाला एकटीला सोडायचं म्हणून मी बाहेर येऊन रांगेच्या कडेनं फिरत होतो. एका मुलीनं माझ्या गळ्यातलं बँडचं ओळखपत्र पाहिलं आणि धावत आली. तिच्या वहीत इंग्रजी अक्षरांत सगळं फाटकाचं गाणं लिहिलेलं. मला म्हणून दाखवलं. छान म्हणत होती, फक्त शेवटी ‘आभाल मोकलं’ म्हणाली.

मला काही राहवेना. मी म्हटलं, बाई, मोकलं नव्हे, मोकळं. तिला कळेना. मग मी तोंड उघडून, जीभ वर वळवून दाखवली. तिनं केलं. तिच्या मैत्रिणीनं केलं. मागचा एक दाढीवाला होता, त्याच्यानं काही होईना, तर सगळे त्याला हसायला लागले. बघता बघता रांगच वाकून माझ्या तोंडात बघायला लागली. मी पुढे सरकत गेलो. आईनं आपल्याला ओसरीवर बसवून शिकवलं तसं एकेकाला शिकवलं, ‘बाळ’, ‘काळ’, ‘केळं’. एका पोलिसानंही म्हणून पाहिलं. घसा बसला माझा. सगळ्या मैदानाला शिकवणं शक्य नव्हतं, डावीकडच्या दरवाज्याची रांग तेवढी झाली.

रात्री मी स्टेजच्या बाजूला तुझ्या जागी उभा होतो. पुढे माणसांचा समुद्र. अनुया फाटक गायला लागली. ‘पलीकडं’च्या आधी श्वास घेतला, बराच लांब घेतला, जितेश थांबला, आणि सगळं मैदान तिच्याबरोबर थांबलं. मग हजारो लोक एकदम ओरडले, ‘आभाल मोकलं’. आणि डावीकडून, त्या सगळ्या कल्लोळातून, ताई, मला स्वच्छ ऐकू आलं, ‘मोकळं’.

अनुयानं चमकून डावीकडे पाहिलं. तिला कळेना हा ळ इथं कुठून आला. मग माझ्याकडे पाहिलं आणि पुढची ओळ गायचीच विसरली. मैदानानं गायली.

आज कार्यक्रम नाही. पोरं अजून झोपली आहेत. मी त्यांच्यासाठी भात शोधायला निघालो आहे.

तुझ्या मायेत उणं पडू नये.

तुझा
विष्णू